मोटारसायकलीला साइडकार : जोडण्याआधी काय पाहावे?

जळगावचे मेहरूण असो की धुळ्याचे आझादनगर, शाळा भरण्याच्या वेळी मोहल्ल्याच्या तोंडाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. एका मोटारसायकलीवर चौघे जाताना दिसतात. धाकटा टाकीवर, मागे मोठी मुलगी, तिच्या मागे अम्मी आणि अम्मीच्या मांडीवर दप्तरांचा ढीग. आपल्याला हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही चूक आहे, असेही वाटत नाही.

पण या गाडीवर घरातले एक माणूस कधीच दिसत नाही. ते म्हणजे दादी किंवा नानी. गुडघे दुखतात, सीट उंच असते, एका बाजूला पाय सोडून बसले की तोल जाण्याची भीती वाटते. मग अकीका असो, निकाह असो की कुणाच्या मयतीला जायचे असो, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते" असे म्हणून ती मागे राहते. माझ्या अम्मींचेही असेच झाले आहे. दवाखान्यासाठी रिक्षा करतो, कारण ती गरज. बहिणीच्या घरी सहज चहाला जाण्यासाठी मात्र त्या रिक्षा करू देत नाहीत, "एवढे पैसे कशाला?" म्हणतात. म्हातारपणी माणसाचे जग लहान होते ते असे.

अशा घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो : आहे त्या मोटारसायकलीला साइडकार जोडली तर? कार घेण्याची ऐपत नाही आणि गल्लीत ती उभी करायला जागा नाही. गाडी तर दारात आहेच. शेजारी एक डबा आणि तिसरे चाक लावले की झाले! कल्पना वाईट नाही, पण "लावले की झाले" एवढी सोपीही नाही. म्हणून या विषयाची नीट माहिती घेऊ.

जुनीच गोष्ट आहे

साइडकार ही काही आजची चीज नाही. इंग्लंडमध्ये 1903 च्या सुमारास ती बाजारात आली. त्या काळात मोटार श्रीमंतांची होती. मोटारसायकलवाल्या साध्या माणसाला बायको-मुलांना सोबत नेण्यासाठी हाच स्वस्त मार्ग होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन आणि रशियन फौजांनी साइडकारवाल्या मोटारसायकली मोठ्या प्रमाणावर वापरल्या. युद्धानंतर छोट्या मोटारी स्वस्त झाल्या आणि युरोपात साइडकारचे दिवस सरले.

आपल्याकडे ती जास्त काळ टिकली. बुलेटला आणि त्याहून जास्त स्कूटरला जोडलेली साइडकार चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना नक्की आठवत असेल. साहेब चालवणार, बेगम मागे, आणि बाजूच्या डब्यात दोन मुले किंवा बाजारातून आणलेले सामान. ज्यांनी ती प्रत्यक्ष पाहिली नाही, त्यांनी 1975 च्या 'शोले'मध्ये पाहिली. जय आणि वीरूच्या त्या गाण्यात साइडकार मध्येच सुटते, वेगळ्या वाटेने धावते आणि पुन्हा गाडीला येऊन मिळते. पडद्यावर ते गमतीचे वाटते. रस्त्यावर साइडकार सुटली तर काय होईल, याचा विचार ज्याला करायचा असतो तो मिस्त्री मात्र हसत नाही.

आधी आरटीओ, मग वेल्डिंग

आपल्याकडे उलटा क्रम चालतो. आधी गॅरेजमध्ये काम करून घ्यायचे आणि पोलिसाने अडवले की मग कागदांचा विचार. साइडकारच्या बाबतीत हे अंगाशी येईल.

मोटार वाहन कायदा 1988 मध्ये मोटारसायकलीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यातच जादा चाक असलेल्या, सुट्या होऊ शकणाऱ्या साइडकारचा उल्लेख आहे. म्हणजे साइडकार ही वस्तू कायद्याला अनोळखी नाही. पण याचा अर्थ कुणीही, कोणत्याही गाडीला, कशीही जोडावी असा नाही. कलम 52 सांगते की कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही 9 जानेवारी 2019 च्या निकालात हीच बाब ठासून सांगितली. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला, प्रत्येक बदलामागे, पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

म्हणून पहिले पाऊल गॅरेजकडे नव्हे, आरटीओकडे टाकायचे. जळगावची गाडी, म्हणजे एमएच 19, असेल तर जळगावला. एमएच 18 असेल तर धुळ्याला. एक साधा अर्ज लिहा : गाडीचा क्रमांक, मॉडेल, साइडकार कोणाकडून घेणार, कशासाठी घेणार. परवानगी मिळेल का आणि तपासणीला काय लागेल, हे लेखी विचारा आणि अर्जाची पोच घ्या. लेखी उत्तर येईपर्यंत मिस्त्रीला बयाणा देऊ नका. परवानगी मिळाली तर जोडणीनंतर तपासणी करून आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. नोंद नसलेल्या बदलामुळे उद्या अपघाताची भरपाई अडकली, तर वाचवलेल्या दोन हेलपाट्यांची किंमत फार मोठी पडेल.

घरात दिव्यांग व्यक्ती असेल तर कायद्यात वेगळी वाट आहे. त्यांच्यासाठी गाडीत बदल करून तिला 'अडॅप्टेड व्हेईकल' करून घेण्याची तरतूद कलम 52 मध्येच आहे. अट ही की ती गाडी त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरली पाहिजे. आपल्या भागात स्कूटरच्या मागे दोन बाजूंना दोन छोटी चाके लावलेल्या गाड्या दिसतात, त्या अशाच गरजेतून आलेल्या. अर्ज करताना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सोबत जोडा.

आणखी एक. दुचाकीवर चालवणाऱ्याशिवाय एकच माणूस, हा नियम सर्वांना माहीत आहे आणि बहुतेक जण तो मोडतात. त्याला हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन अशी शिक्षा आहे. साइडकारमध्ये किती माणसे बसवता येतील, हे तपासणीत नोंदले जाईल तेवढेच. चारऐवजी सहा जणांना कोंबण्याची सोय म्हणून कुणी तिच्याकडे पाहत असेल, तर त्याने हा नाद सोडलेला बरा. हेल्मेटचेही तसेच. पूर्वी साइडकारमध्ये बसणाऱ्याला हेल्मेटमधून सूट होती. 2019 च्या दुरुस्तीत ती राहिली नाही. दादीलाही हेल्मेट लागेल. ओढणीवर बसेल असे, हलके आणि योग्य मापाचे घ्या.

कोणती गाडी हा भार पेलेल?

खानदेशातल्या घराघरांत शंभर-सव्वाशे सीसीची गाडी आहे. ॲव्हरेज चांगले, देखभाल कमी. पण साइडकारसाठी नेमकी हीच गाडी अवघड जाते. डबा, चौकट आणि चाक मिळून एका माणसाएवढे वजन सहज होते. त्यात बसणाऱ्याचे वजन, वर मागच्या सीटवर कुणी बसले तर तेही. आठ-नऊ अश्वशक्तीच्या इंजिनाला हा बोजा सपाट रस्त्यावर कसाबसा ओढता येईल. एरंडोल-पारोळ्याच्या वाटेवर एप्रिलच्या उन्हात समोरून वारा आला की क्लच जळायला वेळ लागणार नाही.

इंजिनापेक्षाही महत्त्वाची असते चेसिस. हलक्या गाड्यांची चौकट दोन चाकांवर झुकत चालण्यासाठी बनवलेली असते. दुचाकी वळताना झुकते, त्यामुळे चौकटीवर आडवा ताण फारसा येत नाही. साइडकारवाली गाडी झुकत नाही. वळणावर सगळा आडवा जोर चाकांच्या आऱ्यांवर, बेअरिंगवर, पुढच्या फोर्कवर आणि चौकटीच्या सांध्यांवर येतो. म्हणून साडेतीनशे सीसीची, लोखंडी चौकटीची जड गाडी हीच साइडकारसाठी नेहमीची निवड असते. तरीही मागचे शॉकअप जास्त कडक लावावे लागतात, मागचे स्प्रॉकेट जास्त दातांचे बसवावे लागते म्हणजे ओढ वाढते, आणि चाकांचे आरे वरचेवर तपासावे लागतात.

घरी हलकी गाडीच असेल, तर तिला साइडकार जोडू नका. हे सांगताना वाईट वाटते, कारण बहुतेक घरांत हलकीच गाडी असते. पण सांधा तुटला तर तो दादी डब्यात बसलेली असतानाच तुटेल.

जोडणी : चार सांधे आणि तीन मापे

आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, म्हणून साइडकार डाव्या बाजूला, फुटपाथच्या अंगाला येते. तिची स्वतःची पोलादी चौकट असते आणि ती मोटारसायकलीला साधारण चार ठिकाणी पकडली जाते : दोन सांधे खाली, दोन वर. खालचे दोन ओढ सोसतात; वरचे दोन गाडीला सरळ उभी धरतात आणि त्यांची लांबी कमी-जास्त करता येते. मोटारसायकलीच्या मूळ चौकटीवर थेट वेल्डिंग करू देऊ नका. उष्णतेने पाइप कमकुवत होतो आणि तडा आतून जातो, वरून दिसत नाही. क्लॅम्प आणि चांगल्या प्रतीचे नटबोल्ट वापरणारा, लॉकनट लावणारा मिस्त्री शोधा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

आता मापे. ही समजण्यासाठी घरातलाच एक प्रयोग करा. डाव्या हातात पाण्याने भरलेली बादली घेऊन अंगणात चाला. तुमचे शरीर आपोआप उजवीकडे झुकेल. न झुकता चाललात तर बादली तुम्हाला डावीकडे ओढेल. साइडकार म्हणजे मोटारसायकलीच्या डाव्या हातातली बादली.

पहिले माप झुकावाचे. बसणारी माणसे बसल्यावर मोटारसायकल अगदी उभी न ठेवता साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, एक-दोन अंश झुकलेली ठेवतात. आपले रस्ते पाणी वाहून जावे म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी मुळातच डावीकडे ओढली जाते. हा झुकाव ती ओढ काढून टाकतो.

दुसरे माप चाकाच्या तोंडाचे. साइडकारचे चाक मोटारसायकलीला अगदी समांतर नसते; त्याचे तोंड किंचित आत, गाडीकडे असते. मोजायची पद्धत सोपी आहे. मोटारसायकलीच्या दोन्ही चाकांना टेकवून एक सरळ पट्टी ठेवायची आणि साइडकारच्या चाकाला टेकवून दुसरी. पुढच्या बाजूला दोन पट्ट्यांमधले अंतर मागच्यापेक्षा साधारण अर्धा ते एक इंच कमी असावे. यापेक्षा जास्त आत वळवले तर टायर रबरासारखे घासून निघते. कमी ठेवले तर हात दुखेपर्यंत हँडल उजवीकडे धरून ठेवावे लागते.

तिसरे माप चाकाच्या जागेचे. साइडकारचे चाक मोटारसायकलीच्या मागच्या चाकाच्या अगदी रेषेत नसते, काही इंच पुढे असते. किती पुढे, ते गाडीच्या लांबीवर ठरते. चार ते दहा इंच हा नेहमीचा अंदाज. त्यामुळे वळताना गाडी पुढच्या कोपऱ्यावर कलंडत नाही.

मिस्त्रीला ही तीन मापे विचारा. "अंदाजाने बसवतो, बरोबर चालते" असे उत्तर आले, तर चहा पिऊन परत या.

चालवणे : नव्याने शिकावे लागते

वीस वर्षे मोटारसायकल चालवणारा माणूस साइडकारवर पहिल्या दिवशी शिकाऊच असतो. किंबहुना त्याची जुनी सवयच त्याला अडवते. दुचाकी आपण अंग झुकवून वळवतो. इथे गाडी झुकत नाही. हँडल ट्रॅक्टरसारखे वळवावे लागते.

गती वाढवली की मोटारसायकल पुढे जाते आणि साइडकार मागे रेंगाळते, म्हणून गाडी डावीकडे ओढली जाते. ब्रेक दाबला की उलट होते. मोटारसायकल थांबते, साइडकार मात्र पुढे जाऊ पाहते आणि गाडीचे तोंड उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रककडे, वळते. हे लक्षात न घेतल्यामुळेच नवा चालक घाबरतो. साइडकारच्या चाकाला स्वतःचा ब्रेक असेल तर हा धोका बराच कमी होतो, म्हणून चाकाला ब्रेक असलेलीच साइडकार घ्या.

डावे वळण सर्वांत नाजूक. वेग जास्त असेल तर साइडकारचे चाक हवेत उठते. असे झाले तर घाबरून ब्रेक दाबू नका. गती हळू कमी करा आणि हँडल थोडे सरळ करा, चाक खाली येते. वळणाच्या आधीच वेग कमी करणे हाच खरा इलाज. उजवे वळण स्थिर वाटते, पण तिथेही वेग फाजील झाला तर गाडी साइडकारच्या नाकावर कलंडू शकते. थांबताना डावा पाय खाली टाकण्याची सवय सोडा. गाडी आता पडणार नाही, पण टाकलेला पाय साइडकारच्या चौकटीत अडकेल.

शिकायला शाळेचे मोकळे मैदान उत्तम. सुट्टीच्या दिवशी परवानगी घेऊन जा. डब्यात माणूस बसवू नका. तीस-चाळीस किलो वाळूचे पोते बांधून ठेवा. आधी सरळ चालवणे आणि ब्रेक, मग उजवी वर्तुळे, मग डावी, आठचा आकडा सगळ्यात शेवटी. रोज अर्धा तास धरला तर एक-दोन आठवडे लागतील. त्यानंतरही काही महिने गावातल्या गावात चालवा. चाळीसगावहून पुढचा कन्नड घाट किंवा शिरपूरच्या पुढचा पळासनेरचा रस्ता यांच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.

आणि खड्डे! दुचाकीवर आपण खड्डा चुकवतो, कारण तिची वाट एकच असते. साइडकारच्या दोन वाटा. एक खड्डा चुकवला की दुसरे चाक शेजारच्या खड्ड्यात. त्यामुळे खड्डे चुकवण्याचे कसब विसरून वेग कमी ठेवणे, एवढेच हाती राहते.

बसणाऱ्याला विचारले का?

घरात या विषयावर चर्चा होते तेव्हा मुलगा, नातू, मिस्त्री असे सगळे बोलतात. जिच्यासाठी हे सगळे चालले आहे, तिला मात्र कुणी विचारत नाही. साइडकारची सीट बुटकी असते. रस्त्याच्या अगदी जवळ बसल्यासारखे वाटते. आत शिरताना पाय उचलावा लागतो आणि बाहेर पडताना गुडघ्यांवर जोर येतो. दार असलेला डबा, पकडायला मजबूत दांडी आणि पाय ठेवायला पायरी, या तीन गोष्टी नसतील तर दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला तिचा काही फायदा नाही. पाठीला टेकण उंच हवे, कमरेला पट्टा हवा. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, तेव्हा वर कापडी छत आणि पुढे काच नसलेला डबा म्हणजे तवाच. चालवणाऱ्याशी बोलता येत नाही, म्हणून "थांब" म्हणण्यासाठी खांद्यावर थाप किंवा छोटी घंटी असे काही आधीच ठरवून घ्या.

जमले तर जोडणीचा निर्णय घेण्याआधी कुणाकडे साइडकार असेल तिथे दादीला घेऊन जा आणि उभ्या गाडीत पाच मिनिटे बसवून पाहा. ती स्वतः चढू-उतरू शकली, तर अर्धा प्रश्न सुटला. नाही शकली, तर तुमचा सगळा खर्च वाचला.

हिशेब

शेवटी पैशांचा विचार करावाच लागतो. खर्च फक्त साइडकारचा नसतो. शॉकअप, स्प्रॉकेट, टायर, ब्रेक, आरटीओची फी, विम्यातला फरक, वाढलेले पेट्रोल आणि गाडी उभी करायला लागणारी कारएवढी नसली तरी बरीच जागा. हे सगळे कागदावर मांडा. शेजारी दुसरे दोन हिशेब मांडा : महिन्याला ठरावीक दिवशी येणाऱ्या ओळखीच्या रिक्षावाल्याचा आणि जुन्या छोट्या कारचा. पुष्कळ घरांत पहिला पर्याय सगळ्यांत स्वस्त ठरेल. ज्या घरात जड मोटारसायकल आधीच आहे, चालवणारा शांत डोक्याचा आहे, जाणे रोजचे आणि जवळचे आहे, बसणारे माणूस स्वतः चढू-उतरू शकते आणि आरटीओची परवानगी हातात आहे, त्या घरात साइडकार खरोखर उपयोगाची ठरेल. यांतली एक अट जरी कमी पडली, तरी थांबा.

मात्र थांबायचे ते साइडकारपुरते. महिन्यातून चार वेळा दादीला तिच्या बहिणीकडे पोचवायचे, हा निर्णय त्यासाठी थांबवू नका. तो रिक्षानेही अमलात येतो. ओळखीच्या रिक्षावाल्याला दिवस सांगून ठेवा, पैसे आधीच देऊन टाका आणि दादीला फक्त एवढेच कळवा की रिक्षा दारात उभी आहे.